कंसाविना भरलेली अक्षरे : छायाचित्रांच्या तीक्ष्णतेचा आणि नॉइजचा इतिहास

१/ गडाच्या दरवाज्यावरील झिजलेला शिलालेख. सूर्य मावळतीला आलेला, हातात मोबाइल. घाईने टिपलेले छायाचित्र घरी येऊन मोठे करून पाहावे, तर अक्षरांच्या कडा पुसट आणि दगडभर रंगीबेरंगी दाणे. मग आपण एखादे सॉफ्टवेअर उघडतो, एक कळ दाबतो आणि क्षणार्धात अक्षरे काल कोरल्यासारखी दिसू लागतात. आनंद होणे स्वाभाविक आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच थांबून विचारावे : ही स्पष्टता दगडातून आली की सॉफ्टवेअरमधून?

२/ कोरीव लेखांच्या अभ्यासकांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये एखाद्या लेखाचे वाचन पाहा. झिजलेले वा संशयास्पद अक्षर तेथे चौकटी कंसात छापलेले असते. त्यामुळे दगड कोठे बोलतो आणि संपादक कोठे बोलतो, हे वाचकाला कळते. छायाचित्र सुधारणारे सॉफ्टवेअर मात्र स्वतः भरलेल्या जागेभोवती कंस घालत नाही. या साधनांचा इतिहास पाहिला, तर त्यांतील कोणते कधी निवडावे हे आपोआप स्पष्ट होते. म्हणून आजचा हा धागा.

३/ आरंभ संगणकाच्या पुष्कळ आधी होतो. १८६५ साली एर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने मानवी दृष्टीचे एक वैशिष्ट्य नोंदवले. फिकट आणि गडद पट्टे शेजारी आले की त्यांच्या सीमेवर आपल्याला अधिक उजळ आणि अधिक काळी अशा दोन रेघा दिसतात. प्रत्यक्षात त्या तेथे नसतात. डोळा कडा ठळक करूनच जग पाहतो. छायाचित्र 'तीक्ष्ण' करण्याची पुढची कित्येक तंत्रे याच सवयीचा उपयोग करतात.

४/ १९३० च्या दशकात जर्मनीत अंधारखोलीतील एक युक्ती पुढे आली. मूळ निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर आणि फिकी पॉझिटिव्ह फिल्म तयार करायची, ती निगेटिव्हला चिकटवून ठेवायची आणि दोहोंतून प्रकाश सोडून छपाई करायची. धूसर फिल्म मोठमोठे उजळ-काळे भाग एकमेकांजवळ आणते, पण बारीक तपशिलाला स्पर्श करू शकत नाही, कारण तो तिच्यात नसतोच. परिणामी कडा उठून दिसतात. १९४४ साली जे. ए. सी. यूल यांनी या 'अनशार्प मास्क'वर प्रबंध प्रसिद्ध केला. धूसर मुखवट्याने चित्र तीक्ष्ण होते, म्हणून हे विरोधाभासी नाव.

५/ या युक्तीचा सर्वांत सुंदर उपयोग आकाशाच्या छायाचित्रांत झाला. ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकात काचेच्या छायाचित्र-पट्ट्यांवर हेच तंत्र वापरले. दीर्घिकांच्या झगझगीत गाभ्यामागे दडलेला क्षीण तपशील त्यातून दिसू लागला. १९८० साली मॅलिन आणि डेव्हिड कार्टर यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची अतिक्षीण कवचे जाहीर केली. दीर्घिकांच्या विलीनीकरणाच्या त्या खुणा होत, असे आज मानले जाते. मुखवट्याने तेथे काहीही निर्माण केले नव्हते. कवचांचा प्रकाश काचेवर आधीच उमटला होता.

६/ १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉप बाजारात आले. त्यातील तीक्ष्णतेच्या आदेशाला अंधारखोलीतलेच 'अनशार्प मास्क' हे नाव मिळाले आणि ते आजही टिकून आहे. फिल्मची जागा आता तीन सरकपट्ट्यांनी घेतली : परिणाम किती, कडेपासून किती अंतरापर्यंत, आणि किती फरकाला कड मानायचे. पहिल्या दोन अधिक ओढल्या की प्रत्येक कडेभोवती उजळ किनार उमटते. निसर्गचित्रात ती केवळ कुरूप दिसते. शिलालेखात मात्र छिन्नीच्या एका रेघेशेजारी दुसरी खोटी रेघ उभी राहते.

७/ तीक्ष्णतेची ही बाजू झाली. दुसरी बाजू नॉइजची, म्हणजे त्या दाण्यांची. प्रकाश कणाकणांनी येतो आणि ते कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण अपेक्षित असतील, तर प्रत्यक्ष मोजणीत साधारण १० चा चढउतार होतो. १०,००० कण असतील, तर चढउतार १०० चा. पहिल्या बाबतीत चूक दहा टक्के, दुसऱ्यात एकच टक्का. मावळतीच्या प्रकाशात दाणे दिसतात, त्यामागे हे गणित असते. कॅमेरा कितीही महाग असला तरी ते बदलत नाही.

८/ प्रतिमेचे आकड्यांत रूपांतर १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये झाले. रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले : अवघे १७६ गुणिले १७६ बिंदू. प्रतिमा आकड्यांत आली, म्हणजे तिच्यावर अंकगणित करता येऊ लागले. अंधारखोलीत जे फिल्म आणि रसायनांनी होत असे, ते आता बेरीज-वजाबाकीने होणार होते.

९/ या अंकगणिताची खरी गरज अवकाशयानांना पडली. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेले आणि त्याने २१ पूर्ण व एक अपुरे छायाचित्र पाठवले. प्रत्येकात २०० गुणिले २०० बिंदू, प्रत्येक बिंदूच्या उजळपणाच्या ६४ पायऱ्या. एक चित्र पृथ्वीवर यायला सुमारे ८ तास लागत. पहिल्या चित्रासाठी अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या भिंतीवर लावून खडूंनी हातानेच रंगवल्या.

१०/ याच काळात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रॉबर्ट नेथन यांनी चंद्राच्या आणि मंगळाच्या चित्रांसाठी संगणकीय प्रक्रिया उभी केली. कॅमेऱ्यामुळे आलेली वाकडेपणाची विकृती काढणे, ठरावीक लयीत येणारा विद्युत नॉइज वजा करणे, हरवलेली तीक्ष्णता परत आणणे ही तिची कामे. त्यामागची शिस्त आपल्याला महत्त्वाची आहे. कॅमेऱ्याचे दोष उड्डाणापूर्वीच मोजलेले असत. म्हणजे दुरुस्ती ज्ञात दोषाची होती. चित्र 'कसे दिसायला हवे' या कल्पनेला तेथे स्थान नव्हते.

११/ परंतु तीक्ष्णता आणि नॉइज यांचे वैर आहे. कडा ठळक करायला जावे तर दाणेही ठळक होतात, दाणे पुसावेत तर कडाही पुसल्या जातात. या वैराचा हिशोब नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडला. शत्रूच्या विमानाचा पुढचा मार्ग नॉइजमिश्रित नोंदींवरून कसा ओळखावा, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. हे काम १९४९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्रतिमांपुरते त्याचे सार असे : जेथे संकेत नॉइजहून बलवान आहे तेथे तीक्ष्णता वाढवा, जेथे नॉइज वरचढ आहे तेथे हात आवरा.

१२/ नॉइज पुसण्याचा एक साधा मार्ग जॉन ट्यूकी यांनी १९७० च्या दशकात रूढ केला : मध्यक, म्हणजे मीडियन फिल्टर. बिंदूभोवतीच्या नऊ किमती क्रमाने लावायच्या आणि मधली, पाचवी, घ्यायची. मीठमिरी भुरभुरल्यासारखे एकटे ठिपके त्यात नाहीसे होतात आणि मोठ्या कडा बऱ्याच अंशी टिकतात. बहुतेक चित्रांना हे वरदान आहे. मराठी लेखाच्या छायाचित्राला मात्र त्यात धोका आहे, तो पुढील भागात पाहू.

१३/ 'वश' आणि 'वंश' यांत फरक एका ठिपक्याचा. लहान, दूरवरून घेतलेल्या छायाचित्रात अनुस्वार एक-दोन बिंदूंत मावतो. मध्यकाच्या दृष्टीने तो अनुस्वार नसून एकटा पडलेला दाणा असतो, आणि फिल्टर इमानेइतबारे तो पुसून टाकतो. याच्या उलटही घडते. दख्खनच्या बेसाल्टात मुळातच छिद्रे असतात. तीक्ष्णता वाढवली की अक्षराच्या माथ्यावरचे छिद्र टपोरा अनुस्वार होऊन बसते. म्हणजे एक साधन असलेला शब्द बदलते आणि दुसरे नसलेला घडवते.

१४/ आता १९९० च्या एप्रिलकडे वळू. हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि दोन महिन्यांत कळले की तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट घासला गेला आहे. मानवी केसाच्या जाडीचा हा साधारण पन्नासावा भाग. तेवढ्याने ताऱ्याचा बहुतांश प्रकाश एका बिंदूत न एकवटता भोवताली पसरू लागला. दुरुस्तीसाठी अंतराळवीर पोहोचले ते डिसेंबर १९९३ मध्ये. मधली साडेतीन वर्षे खगोलशास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला.

१५/ तेव्हा विल्यम रिचर्डसन (१९७२) आणि लिऑन लूसी (१९७४) यांनी स्वतंत्रपणे मांडलेली एक पद्धत उपयोगी पडली. ताऱ्याचा एक बिंदू दुर्बिणीत नेमका कसा पसरतो हे ठाऊक असेल, तर पसरलेल्या चित्रावरून मूळ चित्राचा अंदाज बांधायचा, तो पुन्हा धूसर करून निरीक्षणाशी ताडायचा, चूक सुधारायची आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचे. हबलच्या आरशाचा दोष आता मोजता येत होता, म्हणून हे साधले. पण चक्रे अधिक झाली की नॉइजच तपशिलाचे सोंग घेऊ लागे आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती खोटी कडी उमटत. कोठे थांबायचे, हा निर्णय माणसाचाच राहिला.

१६/ पुढचा टप्पा आपल्या मुंबईत आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जानेवारी १९९८ मध्ये संगणकीय दृष्टीवरील आंतरराष्ट्रीय परिषद येथे भरली होती. तिच्या कार्यवृत्तात कार्लो टोमासी आणि रोबेर्तो मांडूची यांचा 'बायलॅटरल फिल्टर'वरील प्रबंध आहे. जुने फिल्टर शेजारच्या सर्व बिंदूंची सरासरी काढत. येथे नियम दुहेरी झाला : जो बिंदू जवळ आहे आणि ज्याची किंमतही आपल्यासारखी आहे, त्याचेच मत जास्त मोजायचे. त्यामुळे कडेपलीकडचा भिन्न बिंदू सरासरीत फारसा मिसळत नाही. दाणे जातात, कड राहते.

१७/ या पद्धतीचा मर्म-दोष मात्र ध्यानात ठेवावा. 'आपल्यासारखी किंमत' म्हणजे किती जवळची, याची मर्यादा ठरवावी लागते. खोल कोरलेले अक्षर त्या मर्यादेपलीकडे असते, म्हणून वाचते. शतकानुशतकांच्या पावसाने उथळ झालेले अक्षर मर्यादेच्या आत येते आणि दाण्यांबरोबर गुळगुळीत होते. नेमके ज्याच्यासाठी आपण गड चढलो, तेच आधी जाते.

१८/ २००५ साली आंतोनी बुआदेस, बार्तोमेउ कोल आणि जाँ-मिशेल मोरेल यांनी शेजाराची कल्पनाच ओलांडली. त्यांच्या 'नॉन-लोकल मीन्स' पद्धतीत चित्रात दूरवर कोठेही सारखा दिसणारा तुकडा सापडला, तर त्याचीही साक्ष घेतात. २००७ साली फिनलंडमधील ताम्पेरे येथील संशोधकांनी याच वाटेवर 'बीएम३डी' ही पद्धत मांडली. पुढे कित्येक वर्षे नव्या पद्धती तिच्याशी तुलना करून जोखल्या जात.

१९/ बुआदेस आणि सहकाऱ्यांनी एक कसोटीही दिली, ती प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी आहे. मूळ चित्रातून सुधारलेले चित्र वजा करा. जे उरेल ते सॉफ्टवेअरने टाकून दिलेले द्रव्य. त्यात केवळ अर्थहीन दाणे दिसले तर पद्धत प्रामाणिक. त्यात अक्षरांच्या छाया दिसल्या, तर दाण्यांबरोबर मजकूरही बाहेर गेला आहे. गिम्पमध्ये दोन प्रती एकावर एक ठेवून वरच्या थराची रीत 'डिफरन्स' केली की ही वजाबाकी होते. पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे लागतात.

२०/ 'सारखा दिसणारा तुकडा' या कल्पनेतील संकट २०१३ साली अनपेक्षित ठिकाणी उघड झाले. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाला आढळले की एका स्कॅनर-कॉपी यंत्रातून निघालेल्या घराच्या नकाशात तीन खोल्यांचे क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, झाले आहे. मूळ कागदावर ते १४.१३, २१.११ आणि १७.४२ होते. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकाच तुकड्याने भरत होते. बदललेला आकडा अस्पष्ट नव्हता, अगदी सुवाच्य होता. म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नव्हता. दप्तरातील सन किंवा रक्कम अशी बदलली, तर काय होईल याची कल्पना करावी.

२१/ यानंतर आले शिकणारे सॉफ्टवेअर. असंख्य चित्रजोड्या पाहून 'नॉइज असलेले चित्र मुळात कसे असावे' हे ते स्वतःच ठरवते. डीएक्सओचे डीपप्राइम २०२० मध्ये आणि लाइटरूममधील एआय-आधारित 'डीनॉइज' २०२३ मध्ये आले. पक्षी, लग्नसमारंभ, रात्रीचे आकाश यांत त्यांची किमया निर्विवाद आहे. पण अंदाज कसा बहकतो तेही २०२० मध्येच दिसले. ड्यूक विद्यापीठातील 'पल्स' या प्रयोगात बराक ओबामा यांचे अत्यंत धूसर छायाचित्र दिले असता एका गौरवर्णीय पुरुषाचा सुस्पष्ट चेहरा तयार झाला. ओळख पटवण्यासाठी ही पद्धत नाही, हे तिच्या कर्त्यांनीही सांगितले होते.

२२/ हा प्रश्न न्यायालयातही पोहोचला. २०२४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीमध्ये खुनाच्या एका खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून पुढे आला. न्यायाधीशांनी तो नाकारला. यंत्राने काय भरले हे पारदर्शक नाही आणि या क्षेत्रातील तज्ज्ञांनी ती रीत स्वीकारलेली नाही, असा त्यांचा आशय होता. इतिहासाचा अभ्यासकही एका अर्थी न्यायासनावरच बसलेला असतो, आणि त्याच्यापुढचा साक्षीदार पुन्हा बोलावता येईलच असे नाही.

२३/ येथे एक आक्षेप रास्त आहे : मूळ छायाचित्र तरी शुद्ध कोठे असते? ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार बनलेल्या सेन्सरमध्ये प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे रंगाचा दोन तृतीयांश भाग सुरुवातीपासूनच अनुमान. आक्षेप खरा आहे. पण त्या अनुमानाचा आधार शेजारचे मोजलेले बिंदू असतात. शिकलेल्या सॉफ्टवेअरचा आधार दुसऱ्यांची छायाचित्रे असतात. तुमच्या शिलालेखाचा साक्षीदार दुसऱ्याच दगडाजवळ उभा राहून साक्ष देतो.

२४/ आता निवडीकडे येऊ. लेख, ताम्रपट वा मोडी कागद वाचायचा असेल, तर ज्यात प्रत्येक पायरी दिसते आणि उलटवता येते असे सॉफ्टवेअर घ्यावे. मोफत मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये अनेक कॅमेऱ्यांच्या मोजलेल्या नॉइजनुसार दाणे काढण्याची सोय आहे. रॉथेरपीमध्ये हबलच्या वेळी उपयोगी पडलेली रिचर्डसन-लूसी पद्धत आहे. दोन्ही मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत. तुम्ही काय केले याची नोंद ती शेजारच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतात. ती फाइल जपून ठेवा, कारण ती चौकटी कंसाचे काम करते.

२५/ क्रमही महत्त्वाचा. आधी नॉइज, मग तीक्ष्णता. नाहीतर दाणेच धारदार होतात. ब्रूस फ्रेझर यांनी तीक्ष्णतेचे तीन टप्पे सांगितले होते : कॅमेऱ्यामुळे आलेली धूसरता प्रथम हलकेच भरून काढणे, मग हव्या त्या भागावर काम, आणि छपाई वा पडद्यासाठीची तीक्ष्णता अगदी शेवटी, वेगळ्या प्रतीवर. वाचनासाठी पहिला टप्पा बहुधा पुरतो. शिकलेले सॉफ्टवेअर व्याख्यानातील पडद्यासाठी किंवा मुखपृष्ठासाठी खुशाल वापरावे, चित्राखाली तसे लिहावे. वाचन मात्र त्यावरून करू नये.

२६/ आणि सर्वांत चांगले नॉइज-निवारण सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच होते. कॅमेरा तिवईवर किंवा दगडावर स्थिर ठेवून एकाच दृश्याची चार छायाचित्रे घ्या. त्यांची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो, सोळांची काढली तर चौथाई. येथे कल्पनेने काही भरले जात नाही, मोजमापच वाढते. शिलालेखावर टॉर्चचा प्रकाश समोरून न टाकता एका बाजूने, दगडाला घासून जाईल असा टाका. मग दुसऱ्या बाजूने टाकून पुन्हा छायाचित्र घ्या. कोरलेली रेघ आणि दगडाचे छिद्र यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. अनुस्वाराचा वाद बहुतेक वेळा तेथेच मिटतो.

२७/ एवढ्यावर एकच विनंती. शिलालेखाचे वा कागदाचे सुधारलेले छायाचित्र प्रसिद्ध कराल, तेव्हा त्याच्याशेजारी मूळ छायाचित्रही द्या आणि कोणत्या साधनाने काय केले ते एका ओळीत लिहा. ज्या अक्षराविषयी शंका आहे ते वाचनात कंसात ठेवा, मग पडद्यावर ते कितीही ठसठशीत दिसो. पुढच्या पावसाळ्यात तो दगड आणखी थोडा झिजेल. तेव्हा तुमची जुनी, दाणेदार, हात न लावलेली फाइलच कदाचित त्या लेखाची सर्वांत चांगली प्रत असेल.